एक मण दळण

आमच्या मागच्या पडवीत आजीचं जातं अजून आहे. वरच्या तळीवर आता कोथिंबिरीची कुंडी असते. खुंटा कधीच गेला, त्याचं भोक तेवढं राहिलंय. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि चिमण्या ते पितात. गेल्या मे महिन्यात मी कुंडी उतरवली, सुताराकडून नवा खुंटा ठोकून घेतला आणि अर्धा किलो नाचणी घेऊन दळायला बसले. घरच्यांना वाटलं, हिला आता सेंद्रिय भाकरीचं खूळ लागलं. खरं कारण होते हसरत मोहानी.

‘निकाह’ सिनेमातली गुलाम अलींची ती हळुवार गझल आठवते ना, ती हसरत यांची. मीही त्यांना तेवढ्यावरच ओळखत होते. मग कुठंतरी वाचलं, की तुरुंगात या कवीला रोज एक मण धान्य दळायला लावत आणि दळता दळता तो मनातल्या मनात गझला रचत असे. एक मण म्हणजे सदतीस किलो. माझ्या अर्ध्या किलोनं दहाव्या मिनिटाला कोपरापासून खांद्यापर्यंत कळ गेली. पीठ म्हणावं तर त्यात अख्खे दाणे दिसत होते. वैरण जास्त घातली की जातं अडतं, कमी घातली की दगडावर दगड घासून ठिणगी पडल्यासारखा वास येतो. आजी हे सगळं गात गात करायची. आजोबांना तोंडावर जे कधी म्हणाली नाही, ते ती जात्याला सांगायची. आमच्याकडं बायकांचं गाऱ्हाणं मांडायचं ते एकच ठिकाण होतं. तिथं कुणी अडवत नसे, कारण पीठ सगळ्यांनाच हवं असे.

हसरत अलीगढच्या मोहमेडन अँग्लो ओरिएंटल कॉलेजात शिकले. 1903 मध्ये बी. ए. झाले आणि तिथंच त्यांनी ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक काढलं. 1908 मध्ये त्यात इजिप्तमधल्या इंग्रजी धोरणावर टीका करणारा एक लेख आला. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. सरकारनं विचारलं, लिहिलं कुणी? हसरत यांनी नाव सांगितलं नाही. संपादक मी आहे, जबाबदारी माझी, एवढंच म्हणाले. राजद्रोहाचा खटला, सक्तमजुरी आणि जातं. त्याच वर्षी, त्याच राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळक मंडालेला गेले. तो खटला आपल्याला शाळेपासून पाठ असतो. त्याच वर्षी अलीगढचा एक तरुण दुसऱ्याच्या लेखासाठी दळण दळत होता, हे आपल्या पाठांतरात नाही. सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा हा तरुण टिळकांच्या बाजूनं उठून गेला होता. टिळकांना तो गुरू मानी. पुढं ‘इन्किलाब झिंदाबाद’ ही घोषणाही त्यानंच दिली असं मानतात. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरून जाणाऱ्या मोर्च्यात मी ती गळा फाडून दिली आहे. कुणाची, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

हिवाळ्यात अलीगढला गेले. दिल्लीहून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. हे कुलपांचं गाव. बाजारात ओंजळीत मावणार नाहीत अशी दारांची कुलपं टांगलेली, आणि बाजूलाच ट्रंकेची, बोटाच्या पेराएवढी. रिक्षावाल्यानं विद्यापीठाच्या बाब-ए-सय्यद या मोठ्या कमानीपाशी सोडलं. धुकं इतकं होतं की कमानीचा वरचा भाग दिसतच नव्हता. खालून काळ्या शेरवानीतली दोन मुलं सायकल रेटत बाहेर आली.

सर सय्यद अहमद खान यांनी 1875 मध्ये इथं मदरसा काढला. त्याचं कॉलेज झालं आणि कॉलेजचं 1920 मध्ये विद्यापीठ. मुसलमान मुलांनी इंग्रजी शिकावं, विज्ञान शिकावं आणि राजकारणापासून लांब राहावं, असा सर सय्यद यांचा हिशेब. पण मुलं शिकली की हिशेब चुकतोच. 1907 मध्ये कॉलेजात संप झाला. ऑक्टोबर 1920 मध्ये गांधीजी आणि खिलाफत चळवळीचे अली बंधू आले आणि म्हणाले, सरकारी मदतीवर चालणारं हे कॉलेज सोडा. काही मुलं खरंच बाहेर पडली. 29 ऑक्टोबरला अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू झाली, ती नंतर दिल्लीला गेली. बाहेर पडलेल्यांत झाकिर हुसेन होते. पुढं ते राष्ट्रपती झाले. उरलेल्यांचं विद्यापीठ त्याच वर्षी उभं राहिलं. एकाच अंगणात एकाच सालची ही दोन भावंडं: एक हट्टानं निघून गेलेलं, एक घर धरून राहिलेलं. आपल्याकडच्या वाटण्या आठवल्या मला. कोण बरोबर होतं, हे शंभर वर्षांनी सांगणारी मी कोण.

या विद्यापीठातल्या मुलांचं मोठं भांडण मात्र एका साध्या प्रश्नावर चाललंय: हे घर बांधलं कुणी? 1965 मध्ये प्रवेशाच्या राखीव जागांवरून आवारात दंगा झाला, कुलगुरूंना मारहाण झाली. ती मारहाण लाजिरवाणीच होती. चळवळीच्या नावाखाली ती झाकू नये. त्यानंतर केंद्रानं अध्यादेश आणून विद्यापीठाचा कारभार आपल्या हाती घेतला. शिक्षणमंत्री होते आपले मुंबईचे एम. सी. छागला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1967 मध्ये निकाल लागला, की हे विद्यापीठ मुसलमानांनी स्थापलेलं नाहीच, ते कायद्यानं स्थापलं, म्हणून अल्पसंख्याकांची संस्था नव्हे. मला यातलं कायद्याचं फार कळत नाही. पण समजा, गावानं वर्गणी काढून देऊळ बांधलं आणि तलाठ्यानं सातबाऱ्यावर नोंद केली; उद्या कुणी म्हटलं की देऊळ तलाठ्यानं बांधलं, तर गाव काय म्हणेल? विद्यापीठासाठी समाजानं तीस लाख रुपये जमवले होते, 1920 च्या आधीचे तीस लाख. 1981 मध्ये संसदेनं कायदा बदलला, अलाहाबाद उच्च न्यायालयानं तो बदल रद्द ठरवला, आणि 8 नोव्हेंबर 2024 ला सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन मतांनी 1967 चा निकाल मोडीत काढला. घर कुणाचं, ते अजून दुसऱ्या पीठापुढं ठरायचंच आहे. जातं फिरतंय.

महाराष्ट्रातला माणूस इथं एक प्रश्न विचारणारच, मीही विचारला. राज्यघटनेच्या कलम 15(5) नं अल्पसंख्याक शिक्षणसंस्था राखीव जागांतून वगळल्या आहेत. मग दलित, आदिवासी मुलांचं काय? चहाच्या टपरीवर हा प्रश्न टाकला तेव्हा शेजारची दोन मुलं आपसांतच भांडू लागली. एक म्हणाला, आपलं दार राखायचं तर असंच राखावं लागेल. दुसरा मोमीन अन्सारींच्या, म्हणजे विणकरांच्या घरातला. तो म्हणाला, ‘पार्टनर, हमारे अपने घर में भी ऊँच-नीच है, वो किस अदालत में जाएगी?’ टपरीवाल्यानं कप उचलले तरी दोघं उठेनात.

आणि बायकांचं. शेख अब्दुल्ला (काश्मीरचे नेते ते वेगळे) यांनी 1906 मध्ये इथं मुलींची शाळा काढली तेव्हा गावानं त्यांना काय काय ऐकवलं असेल! त्याच शाळेचं पुढं विमेन्स कॉलेज झालं. त्यांची मुलगी रशीद जहाँ डॉक्टर झाली आणि ‘अंगारे’ या जप्त झालेल्या कथासंग्रहात लिहून गेली. पण 2014 मध्येही त्या कॉलेजच्या पदवीच्या मुलींना मुख्य आवारातल्या मौलाना आझाद ग्रंथालयाचं सभासदत्व नव्हतं. मुली आल्या तर मुलांची गर्दी वाढेल, असं वरून उत्तर मिळालं. देशभर टीका झाली, प्रकरण न्यायालयात गेलं, दार उघडावं लागलं. मला हा लढा त्या घटनापीठाच्या निकालाइतकाच मोठा वाटतो. बाहेरच्या सरकारकडं हक्क मागताना छाती पुढं काढता येते. घरच्या वडीलधाऱ्यांकडं मागताना मान खाली घालून, तरीही मागावं लागतं. दळणात दाण्याला वरची तळीही रगडते, खालचीही. खालची हलत नाही म्हणून दिसत नाही, एवढंच.

ग्रंथालयात गेले. सात मजली इमारत. काचेपाशी एक मुलगी स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून वाचत बसली होती. 15 डिसेंबर 2019 च्या रात्रीचं मला आठवलं. नागरिकत्वाच्या नव्या कायद्याविरुद्ध मुलं रस्त्यावर आली होती. दिल्लीत जामियाच्या वाचनालयात पोलीस घुसले, आणि त्याच रात्री अलीगढच्या आवारातही. अश्रुधूर झाला. अलीगढमधल्या एका संशोधक विद्यार्थ्याचा हात डॉक्टरांना कापावा लागला. विद्यापीठानं सुटी अलीकडं ओढली आणि वसतिगृहं रिकामी करायला सांगितली. भर थंडीत मुलं ट्रंका घेऊन स्टेशनावर. त्या ट्रंकांना कुलपं कुठली असतील, हा वेडा विचार मला सुचला.

निघायच्या दिवशी कमानीपाशी दहा-बारा मुलं-मुली उभी होती. विद्यार्थी संघटनेच्या निवडणुका घ्या, एवढीच मागणी. पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेले फलक, एकावरची शाई धुक्यानं ओघळलेली. घोषणा एक मुलगी देत होती. तिचा आवाज बसला होता, ‘इन्किलाब’ नीट यायचं आणि ‘झिंदाबाद’ घशातच राहायचं. मागची मुलं ते पुरं करायची. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ऐकत होते. ओठ हलले असतील माझेही. सुरक्षारक्षक आला, म्हातारासा, मफलर गुंडाळलेला. ‘बेटा, कार्ड दिखाओ.’

तिनं घोषणा थांबवली नाही. फलक काखेत दाबला, गळ्यातलं ओळखपत्र दोन बोटांत धरून त्याच्यापुढं केलं. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून ते जवळ नेलं, फोटो पाहिला, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. फीत आखूड होती, म्हणून तिला मान वाकवावी लागली होती. त्या वाकलेल्या मानेनंच ती पुढचं ‘इन्किलाब’ म्हणाली.