१६४६ मीटरवरची आजी

‘नेक्स्ट वीकएण्ड नक्की!’ हे वाक्य मी आजीला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. कधी रिलीज असायचा, कधी अप्रेझल, तर कधी नुसताच आळस. ८३ वर्षांची आजी मात्र दर वेळी फोनवर तेवढ्याच उत्साहात म्हणायची, ‘‘वर नको चढूया गं. नुसतं बारीपर्यंत जाऊ. खालून बघू, चहा पिऊ आणि परत येऊ.’’

फेब्रुवारी २०२४मध्ये आजी गेली. माझा तो नेक्स्ट वीकएण्ड राहूनच गेला.

बारी म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. आणि कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. आजी तिथे किती वेळा गेली होती, ते तिलाही आठवत नसे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर असलेली ही बाई रात्रपाळी संपवून घरी यायची, आंघोळ करायची आणि हॅवरसॅक पाठीला लावून ट्रेकर मंडळींबरोबर निघायची. कॅनव्हासचे बूट आणि वर खोचलेली पाचवारी. रिटायर झाल्यावर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास काढून एकटीच महाराष्ट्र पालथा घालायची. २०२२मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हा ती ८२ वर्षांची होती. म्हणाली, ‘‘बघ, आता सरकारच म्हणतंय, फिर!’’

मी आजीची फुल टू फॅन. घरात तिची फॅन नसलेली एकच व्यक्ती होती. माझी आई.

म्हणूनच ऑक्टोबरात आई अचानक म्हणाली, ‘‘चल, बघू तरी काय ठेवलंय तिथे एवढं,’’ तेव्हा मला वाटलं चेष्टा करतेय. आईचं वय ६०. गुडघे कुरकुरणारे. सगळ्यात मोठा ट्रेक म्हणजे दादरच्या पुलाचे जिने. पण शुक्रवारी रात्री आम्ही बारीत मुक्कामाला पोचलोसुद्धा.

पहाटे निघालो. पहिल्याच चढावर आईला धाप लागली. एका टपरीवर सरबत घ्यायला थांबलो, तर तिथल्या मावशींनी कळसूची गोष्ट सांगितली. कळसू नावाची एक मुलगी इथल्या पाटलाकडे कामाला राहिली. अट एकच, केर-भांडी सोडून काहीही सांगा. एक दिवस पाटलाने नेमकी भांडी घासायला लावली. तिने ती घासली आणि तडक निघून डोंगरावर जाऊन राहिली. तीच कळसूबाई.

‘‘म्हणजे आमच्या मातोश्रीच!’’ आई म्हणाली. मावशी हसल्या. आई हसली नाही.

पुढच्या चढावर तिने एकदम सुरुवात केली. १ मे १९७६. महाराष्ट्र दिन आणि तिच्या सहावीच्या निकालाचा दिवस. आई वर्गात पहिली आली होती. प्रगतिपुस्तक घेऊन गिरगावातल्या चाळीत धावत आली, तर दाराला कुलूप. आजोबा ड्यूटीवर, आजी कळसूबाईवर. गॅलरीतल्या बायकांनी विचारलं, ‘‘आई कुठे गेली गं?’’ आईने ठोकून दिलं, ‘‘मामाकडे.’’ आजी दर वेळी ट्रेकला गेली की आईचं हेच उत्तर असायचं. डोंगर चढायला गेली, असं सांगायची तिला लाज वाटायची.

त्या रात्री आजी उशिरा आली. पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन. आईने तोंड फिरवलं. ‘‘सगळे झोपल्यावर उठून खाल्ली मात्र,’’ आई म्हणाली. ‘‘एकूण एक. तिला कधी सांगितलं नाही.’’

मी काय बोलणार? माझ्यासाठी जी धमाल गोष्ट होती, ती आईसाठी बंद दार होती. एकच बाई, पण मला तिची पाठीवरची सॅक दिसायची आणि आईला दाराचं कुलूप.

मग आल्या शिड्या. त्या प्रसिद्ध लोखंडी शिड्या. पहिल्याच शिडीवर अर्ध्यात आई थिजली. पाय लटपटायला लागले. मी वरून हात दिला, पण ती दांडा सोडेना. खाली रांग लागली. तेवढ्यात मागून कॉलेजचा एक मुलगा ओरडला, ‘‘आजी, खाली बघू नका! फक्त पुढची पायरी!’’

‘‘आजी कोणाला म्हणतोस रे?’’ असं म्हणत आई जी सुटली, ती वर पोचूनच थांबली.

पाच तासांनी आम्ही माथ्यावर होतो. कळसूबाईचं छोटंसं देऊळ, भन्नाट वारा, पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग, दक्षिणेकडे भंडारदऱ्याचं चकाकतं पाणी. आईने देवीला हळदीकुंकू वाहिलं आणि देवळाशेजारी बसून राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, ‘‘इथून घरी यावंसं वाटायचं तिला, हेच खूप झालं.’’

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. शेजारच्या काकू. ‘‘अहो, कुठे आहात? सकाळपासून दाराला कुलूप!’’

आईने एकदा देवळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

‘‘माहेरी आलेय,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या येते.’’

कसं जाल?
बारी गाव अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. मुंबईहून रेल्वेने कसारा किंवा इगतपुरी गाठा, तिथून घोटीमार्गे बारी. चढायला साधारण तीन तास लागतात. आईला न्यायचं असेल, तर पाच धरा. पावसात शिड्या निसरड्या होतात आणि वीकएण्डला त्यावर रांगा लागतात, तेव्हा पहाटे निघा. नवरात्रात इथे जत्रा असते. करवंदं हवी असतील, तर मे महिन्यात जा. आणि हो, नेक्स्ट वीकएण्डवर ढकलू नका.