शाळा सोडायची का?

लेक सहावीत. शाळा चांगली, फी त्याहून 'चांगली'! पण रोज दोन तास बसमध्ये जातात, घरी येते ती पार गळून. त्यामुळे हल्ली आमच्याकडे एकच विषय: शाळा सोडून घरीच ऑनलाइन शिकवायचं का?

परीक्षेचं अडत नाही. 'एनआयओएस'ची दहावी १४ वर्षं पूर्ण झाली की देता येते, किमान पाच विषय घेऊन. आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्मही आहेच. २००९ चा शिक्षणहक्क कायदा मात्र घरच्या शिक्षणाबद्दल काहीच बोलत नाही.

आईचा प्रश्न वेगळाच. "अगं, ती भांडणार कोणाशी?"

मी हसले, पण मग २०२० आठवलं. लेक पहिलीत होती. मोबाइलवर बेरजा-वजाबाक्या सगळं आलं तिला. तास संपला तरी कॉल बंद करू द्यायची नाही, कोणीतरी बोलेल म्हणून...

नवरा म्हणाला, दुखणं बसचं आहे तर औषध शाळेवर कशाला? पटलं. दहा मिनिटं चालत एक मराठी शाळा आहे. सोमवारी चौकशीला जातेय. नातेवाइकांनो, भुवया आत्ताच उंचावून घ्या!