सपाट दिसणारं रान

चि. ताईस,

रब्बी ज्वारीचे साठ नवे वाण, तीन रेप्लिकेशन (म्हणजे पुनरावृत्ती), डिझाइन आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन) असा तुझा बेत कळला. वाण आणि रेप्लिकेशन ठीक आहेत. आरबीडीचा मात्र पेरणीआधी फेरविचार कर. का, ते एका जुन्या प्रयोगापासून सांगते.

इंग्लंडातल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात मर्सर आणि हॉल यांनी एकरभर गव्हाचं रान घेतलं. वाण एकच, मशागतही एकच. कापणीला त्याचे ५०० सारखे तुकडे पाडून प्रत्येकाचं धान्य वेगळं तोललं. १९११ साली आकडे छापून आले: सर्वांत कमी २.७३ पौंड, सर्वांत जास्त ५.१६. जवळजवळ दुप्पट! हा सगळा फरक रानाचा. वाणाचा त्यात वाटा नव्हता. अशा रानात दोन वाण दोन टोकांना पेरले, तर मातीचं श्रेय वाणाला मिळणार.

१९१९ साली रोनाल्ड फिशर रोथॅमस्टेडला रुजू झाले आणि या अडचणीतून शेतीप्रयोगांचं शास्त्र उभं राहिलं. प्रत्येक वाण पुन्हा पुन्हा पेरायचा, शक्य तितक्या एकसारख्या जमिनीचा ब्लॉक आखायचा आणि कोणता वाण कुठल्या प्लॉटमध्ये जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. गिनेस कंपनीत बार्लीच्या चाचण्या पाहणाऱ्या विल्यम गॉसेट यांना चिठ्ठ्या पटत नव्हत्या. चिठ्ठीतून कधी एकांगी मांडणी निघते, त्यापेक्षा विचारपूर्वक समतोल साधावा, असं त्यांचं म्हणणं. १९३७ साली ते वारले, तोवर हा वाद मिटला नव्हता. गॉसेट यांची जमिनीची जाण दांडगी होती. तरी पैदासकाराने फिशर यांचंच ऐकावं. आवडता वाण नकळत चांगल्या मातीत जातो, आणि चिठ्ठ्या नसतील तर प्रयोगातल्या त्रुटीच्या अंदाजावर भरवसा उरत नाही.

आरबीडीत प्रत्येक वाण प्रत्येक ब्लॉकमध्ये असावा लागतो. दहा-बारा वाणांना ते उत्तम जमतं. साठ वाणांचा ब्लॉक मात्र इतका पसरतो, की सोलापूरकडच्या रानात त्याचं एक टोक भारी काळ्या जमिनीत आणि दुसरं मुरमावर जाऊ शकतं. रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर वाढते आणि ओल किती टिकणार हे मातीच्या खोलीवर ठरतं. म्हणजे एकाच ब्लॉकमध्ये दोन वेगळी रानं.

फ्रँक येट्स यांनी १९३६ साली यावर रेप्लिकेशन छोट्या ब्लॉकमध्ये विभागणारं लॅटिस डिझाइन सुचवलं, पण साध्या चौरस लॅटिसला ४९, ६४ असे वर्गसंख्येचेच वाण लागतात. १९७६ साली पॅटरसन आणि विल्यम्स यांच्या अल्फा डिझाइनने ते बंधन सैल केलं. तुझ्या प्रत्येक रेप्लिकेशनमध्ये सहा-सहा वाणांचे दहा छोटे ब्लॉक बसतील. रान खरोखर एकसारखं निघालंच, तर त्याच आकड्यांचं आरबीडीप्रमाणे विश्लेषण करता येतं. नुकसान फारसं नाही.

पुढे शेकड्यांनी नवे वाण हाती येतील आणि बी मूठभरच असेल. तेव्हा वॉल्टर फेडरर यांचं १९५६ चं ऑगमेंटेड डिझाइन आठवेल: नवा वाण एकदाच, तुलनेसाठीचा तुल्य वाण मात्र प्रत्येक ब्लॉकमध्ये. मालदांडी ३५-१ सारखा ओळखीचा तुल्य वाण तिथे उपयोगी पडतो. पण त्रुटीचा सगळा अंदाज तुल्य वाणांवरच अवलंबून असल्याने त्यांत काटकसर करू नये. थोडं जास्त बी असेल, तर कलिस आणि सहकाऱ्यांची २००६ ची पी-रेप (अंशतः पुनरावृत्तीची) पद्धत अधिक पटते. तिच्यात तुल्य वाणांनी अडवलेली जागा काही नव्या वाणांच्या दुसऱ्या पेऱ्याला मिळते.

पानसे-सुखात्मे यांचं शेतीसाठीच्या संख्याशास्त्रावरचं १९५४ चं पुस्तक ग्रंथालयात असेलच. ते आधी वाच, सॉफ्टवेअर नंतर उघड.

आता रानात ठिकठिकाणी खड्डे घेऊन मातीची खोली मोज. ब्लॉक उताराला आडवे आख, प्लॉटची लांबी उताराच्या दिशेने ठेव. नकाशा तयार झाला की पाठव, चिठ्ठ्या त्यानंतर टाकू.

तुझी,
मावशी