गाडी देशी की विदेशी? आधी मिस्त्रीला विचारा

मागच्या आठवड्यात गावातल्या एका पोराने विचारलं, "सर, जुनी विदेशी गाडी स्वस्तात मिळतेय. घेऊ का? इंजिन लई टिकतं म्हणतात." हा प्रश्न आता दिंद्रुडपासून माजलगावपर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

चार वर्षांपूर्वी मीही अशीच सेकंडहँड गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन वर्षं गाडीने खरंच सुख दिलं. ऑइल सोडलं तर खर्च नाही, धारूरच्या घाटातही दम लागायचा नाही. मग पावसाळ्यात एका रात्री आईला धाप लागली. अंबाजोगाईच्या दवाखान्याकडे निघालो आणि सिरसाळ्याच्या अलीकडे गाडीने मान टाकली. समोर एक पिवळा दिवा, बाकी सगळं गप्प. मागच्या सीटवर आईचा श्वास तेवढा ऐकू येत होता. शेवटी फोन करून चुलत्यांची बोलेरो बोलावली. चौदा वर्षांची गाडी, दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. तिने आईला वेळेत पोचवलं. आई आज घरी आहे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने बॉनेट उघडलं, बघितलं आणि परत लावलं. म्हणाला, "सायेब, गाडी वाईट न्हाई. पण हिला बघणारा माणूस इथं न्हाई." बिघाड सेन्सरचा निघाला. तो शोधायचा स्कॅनर कंपनीच्या सेंटरला, आणि सेंटर दीडशे किलोमीटरच्या पुढे. टोचन करून नेली. पार्ट यायला सात आठवडे लागले. बिल बघून बायको काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

आता देशी म्हणजे तरी काय? महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जोडलेली जीप अमेरिकेच्या विलीसची. कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी मूळची इटलीची फियाट. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चं तंत्र जपानच्या सुझुकीचं. या गाड्या आपल्या झाल्या, कारण त्यांचे सुटे भाग इथे बनू लागले आणि गॅरेजमधल्या पोरांना त्या तोंडपाठ झाल्या. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. वीस वर्षांची मुदत संपली म्हणून ती थांबली.

उलट बाजूही बघा. जनरल मोटर्सचा कारखाना आपल्याच तळेगावात होता. २०१७ अखेर कंपनीने भारतात शेवरोलेची विक्री थांबवली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. सुटे भाग पुरवत राहू, असं दोन्ही कंपन्यांनी सांगितलं. तरी ज्याच्या दारात ती गाडी उभी, त्याच्या पोटात गोळा आलाच असणार.

बोलेरोचं कौतुक करायला बसलो नाही. ती दर वर्षी काहीतरी मागतेच. पण कमी बिघडणं वेगळं आणि बिघडल्यावर लवकर उठून उभं राहणं वेगळं. पुण्या-मुंबईत पहिल्यावर भागतं. सेंटर जवळ, दुसरी गाडी हाकेच्या अंतरावर. आपल्याकडे रात्री दोन वाजता दुसरंच कामाला येतं.

हा फक्त गिऱ्हाइकाच्या नशिबाचा प्रश्न नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत. चांगलं झालं. पण पोर्टलवर माहिती मिळते, पार्ट मिळत नाही. गाडीचे भाग किती वर्षं पुरवणार, हे कंपनीने बिलासोबत लिहून द्यावं. दुरुस्तीची माहिती आणि स्कॅनर गावातल्या मिस्त्रीलाही परवडेल अशा किमतीत मिळावा. आपल्या आमदार-खासदारांनी हे एकदा तरी मांडावं. रस्ते मागतो तसं हेही मागायला पाहिजे.

त्या पोराला एवढंच सांगितलं: गाडी बघायला जाताना मिस्त्रीला सोबत ने. पार्ट कुठे मिळतो, किती दिवसांत मिळतो आणि बसवतो कोण, हे तीन प्रश्न त्याला विचारायला लाव. उत्तर जिल्ह्यातलं असेल तर खुशाल घे, मग गाडी जपानची असो नाहीतर जर्मनीची.