पानावरचा वाटा

भामरागडकडे नोकरी केली असं कळलं की लोक हमखास विचारतात, "भीती नाही वाटली?" वाटली. पण ते ज्या भीतीबद्दल विचारतात ती ही नव्हे. इतकी वर्षं मी ते हसण्यावारी नेत आले. आता निवृत्त झाल्यावर लपवण्यासारखं काही उरलं नाही.

1991 च्या जूनमध्ये मी आरोग्यसेविका म्हणून रुजू झाले. वय 22, गाव वर्ध्याजवळचं, घर माळकरी. आलापल्लीहून निघालेली एसटी जंगलातून खडखडत पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावर आली तेव्हा नदी अजून खाली होती. कंडक्टर म्हणाला, "बाई, एकदा पूल बुडाला की मग बसा आत." पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भामरागडला भेटतात, आणि पुराच्या दिवसांत गावाचा रस्ताच तुटायचा. माझी गावं तर त्याच्याही पुढची. भामरागडहून लाहेरी 18 किलोमीटर. तिथून पायवाट. गुंडेनूरचा नाला ओलांडला की बिनागुंड्याकडची चढण लागते, आणि डोंगरापलीकडे छत्तीसगडातलं अबुझमाड. त्या वाटेवरच्या एका गावात मला कुडाची खोली मिळाली. महिन्यातले काही दिवस तिथे मुक्काम असायचा.

तिथे माडिया राहतात. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित म्हणून नोंदलेल्या आदिवासी जमाती तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पाठांतराचा उपयोग तेवढाच झाला. डोंगरउतारावरचा झाडझाडोरा तोडून, जाळून, राखेत कोसरी पेरायची ही त्यांची पेंडा शेती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा 'हे लोक जंगल जाळतात' असं मी घरी पत्रात लिहिलं. ते पत्र आईने जपून ठेवलं होतं, आणि मला ते पुन्हा वाचावं लागलं.

सगळे मला "तू" म्हणत. दहा वर्षांचं पोरगंसुद्धा. मला त्याचा राग यायचा. माडियात मोठ्यांसाठी वेगळं 'तुम्ही' नाहीच, साहेब आला तरी 'तू'च, हे समजायला मला सहा महिने लागले. भाषा शिकून घ्यावी असं मात्र वाटलं नाही. आश्रमशाळेत सहावीपर्यंत जाऊन परत आलेला एक मुलगा होता, तो दुभाष्या. मी मराठीत भरभर बोलायची, तो दोन शब्दांत सांगायचा, समोरची बाई मान हलवायची. मी रजिस्टरमध्ये 'समज दिली' असं लिहायची.

समोरच्या घरात एक म्हातारी होती. अंगावर गोंदण, कानात बाळ्या, आणि सतत काहीतरी निवडत, सोलत, वळत बसलेली. जुलैमध्ये एका सकाळी माझ्या उंबऱ्यावर माहुलीच्या पानात बांधलेलं काहीतरी दिसलं. उघडलं तर मांस. आदल्या दिवशी रानडुकराची शिकार झाली होती. मी काठीने ते पान ढकलत अंगणाबाहेर नेलं आणि कुत्र्यांपुढे टाकलं. मग खोली सारवून घेतली. म्हातारी तिच्या ओट्यावरून पाहत होती. बोलली काही नाही.

सप्टेंबरमध्ये तापाची साथ आली. फाल्सिपेरम मलेरिया तिथे वर्षभर दबा धरून असतो आणि पावसाच्या शेवटी वर येतो. वेळेत औषध मिळालं नाही तर मेंदूत शिरतो. म्हातारीचा नातू असेल सहा वर्षांचा. मी त्याच्या रक्ताचा नमुना काचेवर घेतला आणि क्लोरोक्विनच्या पाच गोळ्या म्हातारीच्या हातावर ठेवल्या. आज दोन, उद्या दोन, परवा एक. दुभाष्या त्या दिवशी रानात गेला होता. मी बोटांनी दाखवलं. तिने मान हलवली. मी पुढच्या गावाला गेले.

तिसऱ्या दिवशी परतले तर पोराला झटके येत होते. बाज उलटी करून, तिला बांबू बांधून चौघांनी उचललं. हेमलकशाला न्यायचं ठरलं. 1973 साली बाबा आमट्यांनी सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प तिथे होता, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमट्यांचा दवाखाना ही त्या भागाची खरी आशा होती. पण गुंडेनूरचा नाला भरला होता. आम्ही काठावर बसलो. पाणी संध्याकाळी उतरलं, पोरगा त्याआधीच गेला.

गोळ्यांचं काय झालं ते मला दोन दिवसांनी कळलं. घरात मुलं पाच होती. म्हातारीने पाचांना एकेक दिली.

दुभाष्याने तिचं म्हणणं सांगितलं तेव्हा त्याच्या बोलण्यात कुठेही दोष देण्याचा सूर नव्हता. शिकार झाली की प्रत्येक घराला वाटा जातो. जो शिकारीला गेला नाही त्यालाही, विधवेलाही. घरात आलेली वस्तू घरातल्या सगळ्यांची. बाईने चांगली वस्तू दिली, ती एकट्यालाच कशी द्यायची? मी काय सांगितलं होतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तू पाच बोटं दाखवली."

त्या रात्री मला भीती वाटली. उद्या आणखी किती घरांत मी अशीच बोटं दाखवणार होते? राजीनामा लिहिला. पूर असल्यामुळे तो पाठवता आला नाही, हे माझं नशीब.

चारेक दिवसांनी म्हातारी स्वतःहून आली. शेजारच्या गावात ताप होता आणि मी जात नव्हते. तिच्या हातात वाखाची दोरी होती. तिने तिला तीन गाठी मारल्या. सूर्य उगवतो तिकडे हात दाखवला, एक गाठ सोडली. पुन्हा हात, पुन्हा गाठ. पाहुण्यांना सणाचं आवतण द्यायचं तर किती दिवसांनी यायचं ते ती असंच कळवायची, हे मला नंतर समजलं. मग तिने माझ्या पिशवीतून गोळ्या काढायला लावल्या, एकेका दिवसाच्या वेगळ्या पानात बांधल्या, आणि ती दोरी पोराच्या मनगटाला बांधायची खूण केली. ज्याच्या हाताला दोरी, त्याचंच औषध. नातू जाऊन आठवडाही झाला नव्हता.

पुढची सात वर्षं मी तसंच केलं. वरिष्ठांच्या अहवालात ती दोरी कधी लिहिली नाही, लिहायला हवी होती. माडिया मी तिच्याकडूनच शिकले. पाणी म्हणजे 'एर', नाही म्हणजे 'हिल्ले'. मान हलवली म्हणजे समजलं असं नाही, तर ऐकलं एवढंच, हेही. सगळंच मला पटलं असं नाही. पाळीच्या दिवसांत बायकांना ज्या कुर्माघरात बसवतात, त्या गळक्या झोपडीत मी साप निघालेला पाहिला आहे. त्यावरून म्हातारीशी मी भांडले, ती माझ्याशी भांडली. तिथे आम्हा दोघींपैकी कुणीही हरलं नाही.

त्या पहिल्याच हिवाळ्यात पुन्हा शिकार झाली. सकाळी उंबऱ्यावर माहुलीचं पान होतं. मी बराच वेळ त्याला हात लावला नाही. उघडलं तर आत सोललेल्या चारोळ्या, ओंजळभर. म्हातारी ओट्यावर बसली होती. "वाटा घरटी असतो," ती म्हणाली. "तुझं घर मांस खात नाही."

चारोळीचं बी फोडून आतला दाणा अख्खा काढणं किती किचकट असतं, ते एकदा करून पाहावं. एकेकाळी व्यापारी त्या डोंगरातून मापाला माप मीठ देऊन चारोळ्या नेत. 1998 मध्ये माझी बदली झाली तोवर एकाही शिकारीला ते पान चुकलं नाही.

शेवटचं पान मी तसंच बांधून वर्ध्याला आणलं. आईने ओट्यावर उघडलं, चिमूटभर तोंडात टाकून पाहिल्या.

"चांगल्या आहेत गं," ती म्हणाली. "काय भावाने मिळाल्या?"