कापोत रंगाची भिंत



गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या घराला रंग दिला. तेव्हापासून घरी येणारी प्रत्येक जण विचारते, "हॉलच्या भिंतीचा रंग कुणी निवडला?" मी सांगते, "सूनबाईनं." ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आज लिहिते आहे. त्यात माझी चूक आहे, म्हणून लिहायला इतके दिवस लागले.

आमचं घर सांगलीत, मामंजींनी बांधलेलं. 2019 च्या महापुरात हॉलमध्ये कमरेएवढं पाणी होतं. पूर ओसरल्यावर चिखल काढला, भिंती धुतल्या आणि दिवाळी जवळ आली म्हणून घाईघाईनं पिवळा रंग मारून घेतला. भिंत आतून ओलीच होती. वर्षाच्या आत पापुद्रे सुटले, लोणा फुटला आणि पाणी जिथवर चढलं होतं तिथली तपकिरी रेघ पुन्हा वर आली. पुढची काही वर्षं मी त्या रेघेसमोर सोफा, कपाट, काही ना काही सरकवत राहिले. शेवटी गेल्या वर्षी वैशाखात कमरेपर्यंतचा गिलावा फोडून नवा केला आणि तो नीट वाळू द्यायचा असं ठरवलं.

आमच्या घरात चातुर्मासात रंगकाम काढत नाहीत. सासूबाई म्हणायच्या, पावसाळ्यात भिंतीच्या फटीत, कोनाड्यात, चौकटीमागे किती जीव आसऱ्याला आलेले असतात, त्यांच्यावर पत्रा घासायचा का? हवेत ओल असल्यानं रंगही धड वाळत नाही, हे मला नंतर रंगाऱ्यानं सांगितलं. म्हणजे कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रंग ठरवायला भरपूर वेळ होता. आणि वेळ असला की वाद होतात.

मुलगा आणि सूनबाई पुण्याहून इकडे राहायला आले होते. एका संध्याकाळी सूनबाई मोबाईल घेऊन आली. तिनं खूप फोटो जमवून ठेवले होते. "आई, हॉलची ही एक भिंत अशी केली तर?" फोटोतली भिंत करडी होती, पारव्याच्या पाठीसारखी. घरी माझ्या नणंदबाई आलेल्या होत्या, रंगारीही माप घ्यायला आला होता. मी फोटो धड पाहिलाही नाही. म्हटलं, "हा तर कापोत रंग! कापोत लेश्या अशुभ असते, एवढंही माहीत नाही? आमच्या घरात असले रंग चालत नाहीत. तुझ्या माहेरी चालत असतील."

तिनं मोबाईल बंद केला. "बरं आई, तुम्ही म्हणाल तसं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

रात्री ह्यांनी मला शांतपणे विचारलं, "आपल्या पंचरंगी ध्वजात कोणकोणते रंग आहेत गं?" मी पाठ म्हणून दाखवलं. पांढरा अरिहंतांचा, लाल सिद्धांचा, पिवळा आचार्यांचा, हिरवा उपाध्यायांचा, काळा किंवा गडद निळा साधूंचा. 1974-75 मध्ये भगवान महावीरांचा 2500 वा निर्वाण महोत्सव झाला, तेव्हा सर्व संप्रदायांनी मिळून हा ध्वज मान्य केला. मी तेव्हा शाळेत होते. हे म्हणाले, "मग साधू परमेष्ठींचा रंग अशुभ का?" मला उत्तर आलं नाही. म्हणून मी रागावले आणि कूस बदलून झोपले.

पुढचे पंधरा-वीस दिवस सूनबाई नेहमीसारखी वागत होती. चहा वेळेवर, औषध वेळेवर. पण रंगाचं नाव काढलं की "तुम्ही म्हणाल तसं." मी बी.कॉम. आहे, घराचा जमाखर्च चाळीस वर्षं लिहिते आहे. एखादी रक्कम लागत नसली की मला झोप येत नाही. तशीच ही "तुम्ही म्हणाल तसं" मला लागत नव्हती.

मग दशलक्षण पर्व आलं. दुसऱ्या दिवशी, उत्तम मार्दवाच्या प्रवचनात, महाराजांनी षट्लेश्यांचा विषय घेतला. गोष्ट आपल्या सर्वांना माहीत आहे. सहा जण भुकेले, समोर फळांनी लगडलेलं झाड. कृष्ण लेश्येचा म्हणतो, झाड मुळापासून तोडू. नील लेश्येचा म्हणतो, बुंध्यापासून. कापोताचा म्हणतो, मोठ्या फांद्या तोडू. पीत लेश्येचा लहान डहाळ्यांवर येतो, पद्माचा फक्त फळं तोडू म्हणतो आणि शुक्ल लेश्येचा म्हणतो, खाली पडलेली फळं आहेत की, ती पुरेत. 2018 च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही श्रवणबेळगोळला गेलो होतो, तेव्हा तिथल्या मठाच्या भिंतीवर हे झाड रंगवलेलं पाहिलं होतं. मी तेव्हा हौसेनं सगळ्यांना एकेका माणसाकडे बोट दाखवून अर्थ सांगितला होता.

महाराज म्हणाले, लेश्या म्हणजे कषायानं रंगलेली आपली वृत्ती. ती भिंतीला, कपड्याला नसते. मग एकेकीची लक्षणं सांगू लागले. कापोत लेश्येची लक्षणं काय? दुसऱ्यावर रुष्ट होणं, दुसऱ्याची निंदा करणं, स्वतःची स्तुती करणं.

मैत्रिणींनो, मंदिरात पंख्याखाली बसूनही मला घाम फुटला. "आमच्या घरात चालत नाहीत" ही स्तुती, "तुझ्या माहेरी चालत असतील" ही निंदा. आणि कापोतावर थांबले असते तरी बरं. एका भिंतीची गोष्ट होती, पडलेल्या फळाएवढी. त्यासाठी मी तिच्या माहेरावर, थेट मुळावर कुऱ्हाड घातली होती, तीही चार माणसांसमोर.

क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना "उत्तम क्षमा" म्हणतो. ओळीनं म्हणत जातो, समोरची व्यक्तीही म्हणते आणि आपण पुढं सरकतो. मी तसं करायचं नाही असं ठरवलं. सूनबाई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिच्याजवळ बसले आणि कशाची क्षमा मागते आहे ते नाव घेऊन सांगितलं. "तुझ्या माहेराबद्दल बोलले, ते चुकलं. लेश्येचं नाव घेऊन बोलले, ते त्याहून चुकलं. मला क्षमा कर." तिच्या हातातली विळी थांबली. थोड्या वेळानं मी विचारलं, "पण तुला तो करडाच रंग का हवा होता गं?"

ती म्हणाली, "आई, आमच्या घरी सगळीकडे शहाबादी फरशी होती. उन्हाळ्यात शाळेतून आलं की आम्ही भावंडं दप्तर टाकून तिच्यावर पालथी पडायचो. गालाला गार लागायची. गेल्या वर्षी वाटणी झाली आणि ते घर पाडलं. फोटोतली भिंत बघितली आणि मला ती फरशीच दिसली."

तिच्या माहेरचं घर पाडलेलं मला माहीत होतं. वाटणीत कोणाला किती आलं, हेही मी विचारलं होतं. पण तिचं काय गेलं, हे मात्र विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या घराचा रंग ठरू लागला. मी एक वही केली आणि शेडकार्ड उघडण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुला कुठं बसलं की बरं वाटतं आणि तिथं कोणता रंग असतो? ह्यांनी शेतातल्या विहिरीचं नाव घेतलं. मुलगा म्हणाला, आजीच्या खोलीतला हिरवा कोनाडा. मी म्हटलं, मंदिराचा चुन्याचा ओटा, पहाटेचा. फोटो बघायला हरकत नाही, डोळ्याला सवय होते. पण फोटोतल्या घरात आपल्या घरातलं कुणी राहत नाही. नवीन काही सुचायला हवं असेल तर आधी घरच्यांच्या आठवणी विचारून बघा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

पुढचं काम मात्र हिशोबाचं. जे बदलायचं नाही ते आधी लिहून काढलं: फरशी, सागवानी दारं, झोपाळा, देवघराचा संगमरवर. रंग ह्यांच्याशी जुळायला हवा, कारण रंग बदलणं स्वस्त आणि फरशी बदलणं महाग. मग जाणकार सांगतात तो 60-30-10 चा हिशोब धरला. खोलीत साधारण 60 टक्के एक मुख्य रंग, 30 टक्के त्याच्या सोबतीचा आणि 10 टक्के उठावाचा, म्हणजे उशांचे अभ्रे, एखादा कोनाडा. आमच्या हॉलमध्ये तीन भिंती आणि छत मोतिया पांढरं, एक भिंत करडी आणि एका कोनाड्याला सासूबाईंचा हिरवा. रंग किती लागेल तेही आधी काढता येतं. भिंतींची लांबी गुणिले उंची, त्यातून दारं-खिडक्या वजा. एका लिटरमध्ये किती चौरस फूट होतात ते डब्यावर लिहिलेलं असतं, त्यानं भागायचं.

करड्यातही खूप प्रकार असतात. आमच्या हॉलची खिडकी उत्तरेकडे, तिथून थेट ऊन येत नाही. म्हणून मोबाईलमधला निळसर करडा आमच्या भिंतीवर पावसाळी आभाळासारखा उदास दिसला. कागदावरच्या बोटभर तुकड्यावरून कधीही ठरवू नका. नमुन्याचा छोटा डबा आणून दोन बाय दोन फुटाचा चौकोन भिंतीवर रंगवा, दोन्ही हात द्या, आणि सकाळी, दुपारी, दिवा लावल्यावर असा तीनदा पाहा. आम्ही असे तीन चौकोन रंगवले. तिसरा जमला. त्याच्यात मातकट छटा होती. सूनबाईनं भावाकडून पाडलेल्या घरातला शहाबादीचा एक तुकडा मागवला होता. तो भिंतीला लावून पाहिला आणि आम्ही दोघी एकदमच "हाच" म्हणालो.

स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा मात्र मी फिकट ठेवायला लावली, आणि तिनंही ते मानलं. आपलं जेवण सूर्यास्ताआधी. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो, तेव्हा मावळतीचा उजेड ताटात पडायला हवा. फिकट भिंती तो उजेड परत फेकतात, गडद भिंती गिळतात. ओटाही फिकट दगडाचा केला. काळ्या ग्रॅनाइटवर काळी मुंगी दिसत नाही आणि पुसताना फडक्याखाली जाते. घरी कधी आहारदानाचा योग आला तरी तिथं सगळं स्वच्छ दिसायला हवं.

आणखी काही गोष्टी रंगाऱ्याला आधीच विचारून घ्या. चांगल्या म्हणवणाऱ्या कित्येक ब्रशांचे केस डुकराचे असतात. आम्ही नायलॉनचे ब्रश आणि कृत्रिम धाग्याचे रोलर आणायला लावले. जुन्या डिस्टेंपरमध्ये सरस घालत, तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. लाकडाला करतात ते फ्रेंच पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणारं. दारांना आम्ही दुसरं पॉलिश करून घेतलं. भिंत घासायच्या आधी मी स्वतः मऊ कुंच्यानं कोपरे झाडून कोळी, मुंग्या बाहेर सोडल्या. रंगारी हसला, पण दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तोच कुंचा घेऊन उभा होता.

शहाबादीचा तो तुकडा आता माठाखाली आहे. माठ पाझरला की तो ओला होऊन गडद दिसतो. उन्हाळ्यात नातू आला की चड्डीवरच त्याच्यापाशी बसतो, गार लागतं म्हणून.

पुराची रेघ गिलाव्याबरोबर गेली. आमच्या करड्या भिंतीकडे पाहून परवा नणंदबाई म्हणाल्या, "अगं, तूच ना म्हणाली होतीस, हा रंग अशुभ?"

मी म्हटलं, "म्हणाले होते. त्या दिवशी तो रंग भिंतीवर नव्हता, माझ्या जिभेवर होता."

सूनबाई आतून हसली. तिचं ते हसणं मला पुरे झालं.

तुमच्याकडे रंगकाम निघालं असेल तर दोन्ही तपासा, भिंतीची ओल आणि मनाची लेश्या. माझ्या लिहिण्यात कुणाला काही लागलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.