काळ्या मातीचा पदर

धामणगाव स्टेशनावर उतरून एस. टी. धरली की तासा-सव्वातासात यवतमाळ येते. वाटेत दोन्ही अंगांना कपाशी, मधूनच तुरीच्या ओळी, बांधावर पळस. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटतात आणि सारे शिवार पांढरे होऊन जाते. शहरी पाहुण्याला वाटावे, लक्ष्मी येथे उघड्यावरच नांदते!

पण वाचकहो, २०१७ सालच्या पावसाळ्यात याच कपाशीने घात केला. झाडे माणसाच्या उंचीला लागली, किडीचा जोर झाला आणि निरनिराळी कीटकनाशके एकत्र कालवून फवारली गेली. तोंडाला फार तर रुमाल. फवारा अंगावरच येई. जिल्ह्यात सुमारे २० माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात पडली. त्यांत रोजाने फवारणारे मजूरही होते. आपली मराठी मात्र या विषाला अजून 'औषध'च म्हणते!

ते विष निदान डोळ्यांना दिसले. शिवाय अशी बरीच कीटकनाशके मातीत कालांतराने विघटन पावतात. कॅडमियम, शिसे या जड धातूंचे तसे नाही. ती मूलद्रव्ये, कुजणे त्यांना ठाऊक नाही. स्फुरदाच्या खतांतून कॅडमियमचा अंश शेतात उतरतो. येतो चिमूटभर, पण राहतो कायमचा. अन्नावाटे तो मूत्रपिंडांत साठतो, पुढे हाडे ठिसूळ करतो. जपानात जिंझू नदीकाठी खाणीतले कॅडमियम भातात उतरले. तिथल्या रोगाचे नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. सरकारने त्याचे कारण मान्य केले ते १९६८ साली.

वऱ्हाडच्या काळ्या मातीचा गुण असा, की ती चिकण आणि अल्कधर्मी असल्याने असे धातू बरेचसे धरून ठेवते. पिकात कमी चढू देते. लेकराचे अपराध आईने पदराखाली घ्यावेत तसे. पण पदर झाला तरी किती पुरणार?

२०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह अशा १२ गोष्टींची नोंद होते. कॅडमियम आणि शिशाला त्यांत रकाना नाही. जे मोजलेच जात नाही, ते वाढले हे कळावे कसे?

आपल्या वरणातली तूर आणि पणतीतली वात कदाचित याच शिवारातली असेल. त्या मातीसाठी पत्रिकेत आणखी दोन रकाने मागणे, हे काही फार मोठे मागणे नव्हे.